ढोलकीवाल्याची अम्मा

मी पेटी वाजवायचो, तो ढोलकी. मी साताऱ्याकडचा, एसी दुरुस्त करणारा. तो रत्नागिरीचा, कंपनीची बस चालवणारा. इथं आखातात शुक्रवारच्या सुट्टीला मराठी माणसं जमतील तिथं आमचा कार्यक्रम असायचा. कधी अल खोरच्या वसाहतीत, कधी अल दुहैलच्या एखाद्या कंपाउंडमध्ये, एकदा तर द पर्लला कुणाच्या तरी बारशात. कीबोर्ड नाही, ट्रॅक नाही. जुन्या चालीची गाणी आणि मध्ये मध्ये थट्टा.

लोक यायचे ते मात्र त्याच्या अम्मासाठी. ढोलकीवरचं कापड डोक्यावर घेऊन, मोबाइल कानाला लावून तो गावाहून बोलणारी आपली आई व्हायचा. मी तिचा मुलगा.

“तुज्या सायबाला फोन दे. मी बोलते त्याच्याशी.”

“अम्मे, तो अरबी बोलतो.”

“मग मी मोठ्यानं बोलते!”

घरात इंग्रजीतच उत्तरं देणारी पोरंसुद्धा हसून लोळायची. आवाज हुबेहूब त्याच्या आईचा होता. मी तिच्याशी फोनवर बोललेलो होतो.

मग ती गेली. मिळेल त्या विमानानं तो निघाला, पण पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. परत आल्यावर बरेच दिवस त्यानं ढोलकीला हात लावला नाही. शेवटी अल खोरच्या मंडळींनी फारच गळ घातली, तेव्हा मला म्हणाला, “यल्ला, चल मास्तर, पण फक्त गाणी.”

गाणी झाली आणि मागून ओरडा सुरू झाला, “अम्मा! अम्मा!” ती गेल्याचं त्यांना कुठं माहीत होतं? मी नको म्हणून मान हलवली. तोवर त्यानं कापड डोक्यावर घेतलं होतं.

“तुज्या सायबाला फोन दे.”

“अम्मे, तो अरबी बोलतो.”

त्यानं डोक्यावरचं कापड पुढं ओढलं. मग तोच आवाज म्हणाला, “तू येयाच्या आधीच मला का रे नेलं?”

सगळा हॉल हसला. सवयीनं हसला असेल. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. मग मी कुठलं तरी गाणं सुरू केलं, आणि तो नीट ठेक्यावर आला.

परतताना गाडीत मी विचारलं, “भाई, ते काय बोललास?”

“काय? नेहमीचंच बोललो. मोठ्यानं बोलते, म्हणून.”

तो खोटं बोलत नव्हता. तेच मला जास्त लागलं.

कुणीतरी त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला होता. फिरत फिरत तो त्याच्या धाकट्या बहिणीपर्यंत गेला. तिनं फोन करून एवढंच मागितलं, “भाय, अम्मासारखं बोल ना माझ्याशी.” त्याला नाही म्हणवेना. मग दर शुक्रवारी नमाजानंतर त्याच्या खोलीत तो फोनवर तिच्यासाठी अम्मा व्हायचा. मी समोरच्या खाटेवर बसलेला असायचो. एकट्यानं बोलायला त्याला भीती वाटायची.

एकदा बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर म्हणाला, “मास्तर, सासरच्यांनी तिला कधीचीच घालवून दिलीय. अम्माच्या घरात एकटी राहते. भायला सांगू नको, तो नोकरी सोडून येईल, असं अम्माला म्हणाली.”

“मग तू काय म्हणालास?”

“मला कुठं सांगितलंय तिनं?”

पुढच्या शुक्रवारी त्यानं अम्माच्याच आवाजात तिला सांगितलं, “आता भायला सांग गो.” पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला, “बरं. दे त्याला फोन.” त्यानं फोन या कानावरून त्या कानाला घेतला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, “बोल.” मला तिथं बसवेना. मी उठून बाहेर गेलो.

त्यानं राजीनामा दिला आणि कायमचा गावी गेला. आता तिकडे रिक्षा चालवतो. मध्यंतरी फोनवर मी विचारलं, “बहीण कशी आहे?”

“बरी आहे. कधीकधी चुलीपुढून ‘अम्मे’ म्हणून हाक मारते. मी ओ देतो.”

“कुठल्या आवाजात?”

“मास्तर, ते आता माझं मलाच कळत नाही.”

मी अजून पेटी वाजवतो. अल दुहैलला एकांच्या घरी भजन असतं, तिथं बोलावतात. थट्टा कुणी करत नाही, आणि मला ते बरं वाटतं.