नोटीस द्यायला गेले आणि ओटी घेऊन आले

परवा धारच्या फॅमिली कोर्टात माझी पार शोभा झाली. आणि बरं झालं, झाली ते...

माझा भाचा इथे देवासला आमच्या शेजारीच राहतो. त्याची बायको रेवती सात महिन्यांपासून धारला माहेरी आहे, पाच वर्षांची मुक्ता तिच्याजवळ. लेकीला भेटता यावं एवढ्यासाठी त्याने तिथे अर्ज केला, पण कोर्टाची नोटीस दोनदा ‘घर बंद’ म्हणून परत आली.

मग कोर्टाने नोटीस आमच्याच हाती सोपवली. नेऊन द्या, आणि ज्याने दिली त्याचं शपथपत्र लावा. भाचा गेला तर भांडण होईल म्हणून मी निघाले... आमच्या घरात फटकळ म्हणून माझीच ख्याती!

गेले, तर विहीणबाईंनी पोह्यांची प्लेटच पुढे ठेवली. माझ्या पर्समधून कोर्टाचं लांब पाकीट डोकावत होतं, मी ते सारखी आत ढकलत होते. निघताना रेवती कुंकवाचा करंडा घेऊन आली. सवाष्ण रिकामी जायची नाही म्हणून तिने माझी ओटी भरली, वाकून नमस्कार केला.

आता तिच्याच हातात तो कागद कसा द्यायचा हो? मी तो गुपचूप दिवाणावरच्या पेपरखाली सरकवला आणि काढता पाय घेतला. घरी येऊन भाच्याला सांगितलं, "दिला रे."

परवा तारखेला वकिलांनी टाइप केलेलं शपथपत्र समोर ठेवलं. नोटीस रेवतीला समक्ष हातात दिली, असं त्यात होतं. माझा पेन अडला... शेवटी खरं काय ते सांगितलं.

वकील म्हणाले, "अरे काकी, एक लाइन तो है! करून टाका साइन, नाही तर अजून दोन महिने गेले समजा."

भाचा नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. मला रडूच आलं. पण शपथेवर खोटं माझ्याच्याने होईना. ओटी, दिवाण, पेपर... सगळं जसंच्या तसं लिहायला लावलं.

आत वकिलांनी ते वाचलं, तेव्हा मला मान वर करवेना. जजबाई पुन्हा नोटीस काढायला सांगणार, एवढ्यात दाराशी उभी असलेली रेवती पुढे आली.

"मिल गया था मॅडम, उसी दिन. अखबार के नीचे."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "आत्याबाई, कागद माझ्या हातात कोणी दिलाच नाही असं सांगायचं ठरवून आले होते मी. तुम्ही ‘हातात दिला’ लिहिलं असतंत, तर तेच सांगितलं असतं."

मग भाच्याकडे न बघताच म्हणाली, "मुक्ता खाली आजोबांजवळ आहे." भाचा जिन्यावरून धावतच सुटला.

भांडण मिटलेलं नाही, ते कोर्ट बघेल. पण सध्या दर रविवारी बापलेकीची भेट ठरली आहे. म्हणून आज ओटीतला नारळ फोडला, त्याच्या वड्या रविवारी धारला जातील.

आणि थापता थापता लक्षात आलं... ते पाकीट रेवतीला दारातच दिसलं असणार. मी कशाला आले ते कळूनही तिने माझी ओटी भरली होती.