रिकाम्या रकान्यातलं शून्य

नाशिकच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोंदी ठेवते. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या, आरोग्यवाल्यांच्या आणि धरणवाल्यांच्या नोंदींचा एकमेकांशी मेळ नव्हता. एकाच विहिरीला तीन कार्यालयांत तीन नावं. मग ठरलं, सगळ्यांनी एकाच तक्त्यात माहिती भरायची. आमच्या जुन्या नोंदी त्यात बसवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

अडचण एकच होती. तक्ता रिकामा रकाना घेत नव्हता. नमुन्याची बाटली फुटली, तपासणी झालीच नाही, तर रजिस्टरात आम्ही आडवी रेघ मारायचो. इथे रेघ चालेना. शेवटच्या दिवशी वैतागून मी अशा सगळ्या जागी शून्य टाकलं. जिवाणूंच्या रकान्यात शून्य म्हणजे पाणी निर्धोक, हे मला माहीत होतं. नंतर दुरुस्त करू म्हटलं आणि तक्ता पाठवला. नंतर केलं नाही.

पुढे त्र्यंबकच्या बाजूच्या एका गावात घरोघरी हगवण लागली. आरोग्य कार्यालयातून फोन आला. "मॅडम, तुमच्या तक्त्यात तर ती विहीर चांगली दिसतेय. म्हणून आम्ही पुन्हा नमुना मागवला नाही."

"बघून सांगते," मी म्हणाले. रजिस्टर उघडलं. त्या विहिरीपुढे रेघ होती.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तांत्रिक त्रुटी म्हणून कळवा. शून्य कुणी टाकलं, ते कोण विचारतंय?" तसं पत्र मीच टाइप केलं.

दोन दिवसांनी नमुना घ्यायला जाणाऱ्या गाडीत मीही बसले. विहिरीवर कोणी नव्हतं. गावात कळलं, पाण्यात जंतू मारायची पावडर टाकणाऱ्या माणसाला ग्रामपंचायतीनं कामावरून काढलं होतं. त्याच्या घरी गेले. पन्नाशीचा माणूस, ओट्यावर बसला होता. त्याची सूनही दवाखान्यातून नुकतीच आली होती.

"पावडरचा वास येतो म्हणून बाया ओरडायच्या," तो म्हणाला. "वरून कागद आला, पाणी चांगलं हाय. तवा म्हटलं, थोडी कमी टाकू. आता समदे म्हणत्यात, मी टाकलीच नाय."

"त्या कागदावरचं शून्य मी टाकलं होतं," मी म्हणाले. "तपासणी झालीच नव्हती."

तो ओट्यावरून उठला. मग त्यानं विचारलं, "हे पंचायतीत सांगाल का, ताई?"

मी त्याच्याबरोबर गेले. सरपंचबाईंनी ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या." मी लिहिलं, नावानिशी सही केली. परतल्यावर साहेबांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गरज नव्हती."

त्या माणसाला काम परत मिळालं. मला मेमो मिळाला. तक्त्यात आता 'तपासणी झाली नाही' असा पर्याय आहे. बैठकीत तो सुचवल्याबद्दल माझं कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून पाणी पीत राहिले.

मेमो हातात पडला तेव्हा मला हलकं वाटलं होतं. त्या हलकं वाटण्याचीच आता जास्त लाज वाटते. त्या पावडरवाल्याची सून त्या दिवशी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी मी एक शब्दही बोलले नाही.