भूकंपानंतरची विहीर

आमच्या उपकेंद्रात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. मी आरोग्यसेवक, गोंडपिपरीकडची पाच गावं माझ्याकडे. त्यातल्या एका गावात दौलतभाऊ ग्रामपंचायतीचे शिपाई. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं कामही त्यांचंच. अर्धे किस्से या एकट्या माणसाचे!

*

त्या सकाळी भूकंपाचा धक्का बसला. अख्खं गाव घराबाहेर पळालं, दौलतभाऊ विहिरीकडे पळाले. पाणी गढूळ झालं होतं.

मी फोनवर विचारलं, "घर ठीक आहे ना?"

"घर पायलंच नाई जी अजून. तुम्ही नमुन्याची बाटली घेऊन या."

*

दोन दिवसांत पाणी निवळलं, पण दौलतभाऊ काही निवळेनात. पावडर टाकल्यावर पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघायचं असतं. पिवळं झालं तर क्लोरीन टिकलं.

"टाकून राह्यलो, टाकून राह्यलो, पन पिवळं होऊनच नाई राह्यलं. कुठून तरी घाण येते, सर."

त्यांनी पावडर वाढवली. म्हाताऱ्या सखूबाईंनी त्यांना चौकात गाठलं. "काऊन रे दौलत, माह्या चहाले दवाखान्याचा वास येते!"

"दवाखान्यात जाऊन चहा पेण्यापरीस बरं हाय, बाई."

*

दौलतभाऊंनी भरून दिलेल्या नमुन्याचा लॅबचा रिपोर्ट आला: पिण्यायोग्य. जुलाबाची साथ येते की काय या धास्तीनं माझं जेवण उडालं होतं, त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दौलतभाऊ सायकलनं उपकेंद्रात हजर, मान खाली. "सर, तो रिपोर्ट खरा नाई. बाटली चांगली साफ असावी म्हनून मी तिले पावडरनं धुतली होती."

आता काय बोलावं! ती बाटली लॅबमधून निर्जंतुक होऊनच येते, तिला आतून धुवायचं नसतं. पावडरनं सगळे जंतू बाटलीतच मेले होते. मी चिडलो, खोटं कशाला सांगू. पण ते बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं, हेही लगेच लक्षात आलं. मग चहा मागवला.

*

नवा नमुना पाठवला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत दौलतभाऊ विहिरीपाशी खुर्ची टाकून बसले. कोणाला बादली सोडू देईनात. "योग्य लिहून आलं ना?" म्हणून बायका भांडायच्या. सगळ्यांत जास्त त्यांचीच बायको, लताबाई. दूरच्या हातपंपावरून पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन येताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "याले गावाची काळजी, अन् मान माही मोडून राह्यली!"

रिपोर्ट आला: अयोग्य. तोवर गावात एकालाही जुलाब लागले नव्हते. लताबाईंनी त्या दिवशी गुंड मुकाट्यानं आणला.

*

पण घाण येत होती कुठून? विहिरीजवळ तीन घरांच्या शौचालयांचे खड्डे. भूकंपानं त्यातला एखादा तडकला असणार, पण जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. दौलतभाऊंनी जयंतीच्या मिरवणुकीतला उरलेला निळा रंग आणला. एकेका खड्ड्यात ओतायचा आणि विहिरीत उतरतो का बघायचं.

मी विचारलं, "सुरुवात कोणापासून?"

"माह्यापासून."

स्वतःच्या खड्ड्यात रंग ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी विहिरीतून बादली ओढली. पाणी निळं होतं.

दौलतभाऊंनी बादली सगळ्यांना दिसेल अशी काठावर ठेवली. "खड्डा माह्या घरचा हाय," म्हणाले, आणि खड्डा फोडायला सब्बल आणायला गेले.