न उमटणारा अंगठा

त्याचा दिवस सव्वातीनला सुरू व्हायचा. कामाची गाडी साडेचारला यायची. खोलीत आम्ही बारा जण, सहा दुमजली पलंग आणि मोरी एक. बाकीच्यांचं पावणेचारला उठून भागायचं. हा अर्धा तास आधी उठायचा, पण आंघोळीसाठी नाही. शेगडीवर पाणी कोमट करून उजवा हात मनगटापर्यंत त्यात बुडवून बसायचा, पंधरा मिनिटं. मग हात पुसून अंगठ्याच्या पेरावर मलम चोळायचा. गाडीत बसला की तो अंगठा मुठीत झाकून न्यायचा, कोंबडीचं अंडं नेल्यासारखा.

साइटच्या फाटकावर हजेरीचं यंत्र होतं. त्यावर अंगठा टेकवायचा. हिरवा दिवा लागला की दिवस धरला. लाल लागला तर तुम्ही आलाच नाहीत. त्याचा लाल लागायचा.

तो गिलाव्याचा कारागीर. आम्ही त्याला पाणसळ म्हणायचो. भिंत सपाट आहे की नाही हे बघायला इतरांना पट्टी आणि पाणसळ लागते, त्याला तळहात पुरायचा. ओल्या गिलाव्यावरून हात फिरवायचा आणि बोट ठेवून सांगायचा, इथे दोन कागद उंच आहे. पट्टी लावली की तेवढंच निघायचं. त्यामुळे हातमोजे घालायचा नाही. मोजे घातले की आंधळा झाल्यासारखं वाटतं, म्हणायचा. दिवसाला तीस चौरस मीटर करायचा, तेही पुन्हा हात न लावता. मी गज बांधणारा, भिंतीतलं मला फार कळत नाही. पण तीस मीटर म्हणजे काय हे कळतं. चांगला माणूस बावीस करतो.

घरी बायकोचे दोन्ही खुबे झिजले होते. एका वसतिगृहाच्या पायऱ्या आणि मोऱ्या तिने एकोणीस वर्षं धुतल्या. शेवटी उभं राहणं बंद झालं. एक लाकडी पाट घेतला होता, त्यावर बसून हाताने रेटत ती घरात फिरायची. मोरीचा उंबरा आला की थांबायची, कोणीतरी उचलून पलीकडे ठेवेपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही बदलले तर ती चालू लागेल. त्यासाठी हा बाहेरदेशी आला होता, वयाच्या पन्नाशीला. हिशेब सोपा होता. दोन वर्षांचा करार. पहिलं वर्ष एजंटची उधार फी फेडायला आणि घरखर्चाला. दुसऱ्या वर्षाचे पहिले सहा महिने उजवा खुबा, पुढचे सहा डावा.

भरती गावाकडेच झाली होती. एजंटने साठ गवंड्यांना बोलावून प्रत्येकाला एक भिंत दिली. परदेशातून आलेला तपासनीस बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकायचा. थोडा जरी फुगवटा असला तर सावली पडते. साठातले नऊ घेतले. पाणसळच्या भिंतीपाशी तपासनीस थांबला, स्वतः हात फिरवून बघितला आणि काही न बोलता पुढे गेला. ती शाबासकी होती.

मग कागदांना अडीच महिने लागले. कधीही बोलावणं येईल, कुठे अडकून राहू नका, असं एजंटने बजावलं होतं. म्हणून त्या अडीच महिन्यांत त्याने थापीला हात लावला नाही. बायकोचं केलं, स्वयंपाक केला. हात कारकुनासारखे मऊ झाले. त्या हातांचे ठसे घेतले. दहाही बोटं अशी उमटली की ठसे घेणारा म्हणाला, नकाशा काढावा तशी आहेत.

त्याच दिवशी कराराच्या कागदांवर सह्या होत्या. इथे त्याने एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कोणी केली नसती. त्याला सही येत होती. बाप अंगठेबहाद्दर, सावकाराने वाटेल त्या कागदावर अंगठा घेतलेला. म्हणून हा मोठेपणी रात्रीच्या वर्गाला जाऊन सही शिकला होता. पण ती हळूच व्हायची, एकेक अक्षर गिलावा ओढल्यासारखं. करार सात पानांचा, प्रत्येक पानावर दोन सह्या. मागे आठ माणसं उन्हात उभी. एजंटचा माणूस म्हणाला, अहो, अंगठा लावा ना, पटकन होईल. हा मागे वळला, उभ्या माणसांकडे बघितलं आणि चौदा अंगठे लावले. पासपोर्टच्या अर्जावरही एजंटने आधीच अंगठा घेतलेला होता. स्वतःच्या कामात कोणाला मिनिटभर वाया घालवू न देणारा माणूस. दुसऱ्याचा वेळ वाचवायला गेला.

पहिल्या महिन्यात यंत्राने सव्वीसच्या सव्वीस दिवस धरले. दुसऱ्या महिन्यात काम सव्वीस दिवस, पगार एकोणिसाचा. सिमेंट कातडी खातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंगठ्यावरच्या रेघा गेल्या म्हणून पगार जातो हे कोणालाच माहीत नव्हतं. लाल दिवा लागला की फाटकावरचा पहारेकरी एक वही पुढे करायचा. आमची भाषा त्याला येत नव्हती. खुणेने सांगायचा, नाव लिही, सही कर, आत जा. पाणसळ सावकाश सही करायचा. त्याला वाटलं, अंगठ्यापेक्षा सही मोठी, ती कुठेही चालेल.

तिसऱ्या महिन्यात सातच दिवस धरले. तेव्हा तो साइटच्या कचेरीत गेला. मीही गेलो, एकट्याला बोलायला जड जायचं म्हणून. हजेरीचा कारकून आपल्या भाषेचा निघाला. तरुण, वागायला बरा. त्याने समजावून सांगितलं. ही इमारत एका कंपनीची. माणसं पुरवणारी कंपनी दुसरी. आणि पगार काढणारी तिसरी, ती तर या देशातही नाही. तिला फक्त यंत्राची यादी जाते.

“काका, मी यादी पाठवतो. यादीत जे नाही ते मी कुठून आणू?”

“वहीत सह्या आहेत माझ्या.”

“वही फाटकाची आहे. पगाराची नाही.”

“मग भिंत? भिंत कोणाची आहे?”

कारकुनाने त्यावर चहा मागवला. दवाखान्यात हात दाखवा म्हणाला. कंपनीच्या डॉक्टरने भिंग लावून अंगठा बघितला आणि सांगितलं की तीन आठवडे सिमेंटपासून लांब राहिलात तर रेघा परत येतील. तीन आठवडे लांब राहायचं म्हणजे तीन आठवडे बिनपगारी. शिवाय करारात कलम होतं, सलग पाच दिवस गैरहजर राहिला तर माणूस पळून गेला असं धरायचं. हात बरा करायला जावं तर फरार, न जावं तर लाल दिवा. तो कामावर गेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

एजंटचे हप्ते त्या महिन्यांत चुकले. एजंट रोज जामीन राहिलेल्या धाकट्या भावाच्या दारात. भाऊ फोनवर ओरडायचा की दादा, तिकडे बसून खातोस का. पाणसळ ऐकून घ्यायचा. बायकोला मात्र त्याने खरं सांगितलं. ती म्हणाली, “चला, बरं झालं. माझे खुबे झिजले, तुमचा अंगठा. आता जोडा शोभेल.” तो हसला, फोन कानाला धरूनच. पलीकडून पाट सरकल्याचा आवाज येत होता.

चौथ्या महिन्यात यंत्राने त्याचा अंगठा एकदाही ओळखला नाही. सव्वातीनची ती उठाठेव तेव्हाचीच. कोमट पाणी, मलम, कोणी लिंबू सांगितलं, कोणी पावडर. काही उपयोग नाही. सहाव्या दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा राहून छताजवळचा पट्टा ओढत होता. खाली मुकादम आला. मुकादम आपल्याकडचाच, हातात एक कागद.

“पाणसळ, खाली ये.”

“पट्टा ओला आहे. संपवून येतो.”

“अरे, तू पळून गेला आहेस.”

पाणसळने थापी थांबवली नाही. “कधी?”

“पाच दिवस झाले. हे काय, पोलिसांकडे नाव गेलं.”

“मग पट्टा पुरा करू की पळू?”

मुकादम हसला नाही. आम्हीही नाही. त्याने पट्टा पुरा केला, खाली उतरला, हात धुतले आणि कागद घेतला. वाचता येईल तेवढा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. त्या देशात फरार माणसाला कोणी काम देऊ शकत नाही, आणि त्याला देश सोडूनही जाता येत नाही.

मुकादम मात्र माणूस निघाला. त्याने कचेरीत जाऊन लिहून दिलं की हा माणूस रोज माझ्या समोर आहे. त्यावर कामाच्या यादीत नाव पुन्हा घेतलं. पण सीमेवरच्या यादीतून नाव काढायला पगार काढणाऱ्या कंपनीचं पत्र लागणार होतं. ते आलं नाही.

उपाय काढला तो फाटकावरच्या पहारेकऱ्याने. एक दिवस लाल दिवा लागल्यावर त्याने लगेच वही पुढे केली नाही. स्वतःची डावी करंगळी वर करून दाखवली आणि यंत्राकडे बोट केलं. कारकुनाने अर्ज पाठवला, पंधरा दिवसांनी मंजुरी आली, आणि पाणसळची डावी करंगळी यंत्रात नोंदवली. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पहिला हिरवा दिवा लागला तेव्हा रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली.

पण करंगळी सांभाळायची कशी. तो ती तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळायचा, वरून प्लास्टिक, वरून दोरा. खोलीतले म्हणायचे, नवरीच्या बोटाला सुद्धा एवढं जपत नाहीत. डाव्या हातात मालाची फळी असते. करंगळी ताठ वर ठेवून ती धरली की फळी डुलते, माल सांडतो. तीस मीटरचे एकवीस झाले. एकदा तपासणीत उजेड टाकल्यावर त्याच्या भिंतीवर सावली दिसली. आयुष्यात पहिल्यांदा. कोणी काही बोलायच्या आत त्याने छिन्नी आणली, दोन मीटरचा तुकडा पाडला आणि सुट्टी झाल्यावर थांबून पुन्हा केला. त्या जादा तीन तासांचे पैसे त्याने मागितले नाहीत. वाकडी भिंत माझी, म्हणाला. हे मी लिहितो ते त्याच्या कौतुकासाठी नाही. कामाचा नियम तसाच आहे.

गेलेले दिवस एक्कावन्न झाले होते. सात, एकोणीस आणि पंचवीस. कारकुनाने मनावर घेऊन पहारेकऱ्याच्या वहीच्या प्रती काढल्या, शिक्के मारले, वर पाठवल्या. एक्कावन्न सह्या, सगळ्या एकासारख्या एक. सात आठवड्यांनी उत्तर आलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि मग वर न बघता सांगितलं.

“काका, ते म्हणतात या सह्या तुमच्या कशावरून? करारावर तुमची सही नाही. अंगठा आहे. पासपोर्टवरही अंगठा.”

“आता त्यांच्यासमोर करून दाखवतो.”

“ते म्हणतात, ज्याने करारावर अंगठा लावला त्याला सही येत नाही असं आम्ही धरतो.”

“आणि अंगठा?”

“तो जुळत नाही.”

पाणसळ खुर्चीवर बसला होता. तिथेच टेबलावरचा कागद ओढून त्याने सही केली. नेहमीसारखी हळू. खाली पुन्हा केली. सात-आठ वेळा केली. कारकुनाने थांबवलं नाही. कागद भरत आला तेव्हा मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

पुढचे अठरा-एकोणीस महिने त्याने करंगळी वर ठेवून काम केलं. एकही खाडा नाही. ताप असताना सुद्धा तो गाडीत असायचा, कारण पाच दिवसांची त्याला धास्ती बसली होती. तिकडे एक्कावन्न दिवसांनी एजंटकडे पिल्लं घातली. चुकलेल्या हप्त्यांवर व्याज, व्याजावर व्याज. भावाने फोन करणं सोडलं. बायकोच्या पाटाची एक फळी तुटली, ती तिने दोरीने बांधून घेतली. हे तिने सांगितलं नाही, सासरहून आलेल्या मुलीने सांगितलं.

करार संपला तेव्हा घरी जायचा शिक्का मिळेना. सीमेवरच्या यादीत तो अजून फरार. पगार काढणाऱ्या कंपनीने एक कागद पाठवला. माझं काही येणं बाकी नाही, मागचा कोणताही दावा नाही, असं लिहून दिलं तर नाव काढतो. म्हणजे एक्कावन्न दिवस सोडून दे आणि घरी जा.

खोलीतल्यांनी दोन बाजू धरल्या. काही म्हणाले, सोडून दे; काही म्हणाले, कोर्टात जा. कोर्टाला वर्ष लागतं, आणि करार संपलेल्या माणसाला त्या वर्षात काम करता येत नाही, राहायला खोली नाही. त्याने मला विचारलं, “तू काय केलं असतंस?” मी म्हणालो, मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही. त्याने बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. तिने विचारलं, सोडले तर कधी याल? तो म्हणाला, रविवारी. ती म्हणाली, “मग सोडा. मला रविवारी मोरीत न्यायला कोणी नाहीये.”

त्याने कागद कारकुनापुढे ठेवला आणि सही केली. पानावर जेवढी जागा होती तेवढी मोठी.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठला करायचा. आधी म्हणजे एकच, हे तिघांनाही कळत होतं. ती म्हणाली, उजवा करा. मोरीचा उंबरा चढताना उजवा पाय आधी टाकावा लागतो, डावा मागून ओढता येतो. त्याने पैसे भरले. त्या दोन वर्षांच्या भिंतींचं एवढंच झालं: एक खुबा, उजवा, आणि घरी येऊन तिला चालायला शिकवणाऱ्या बाईचे बारा दिवस.