मेक्सिकोची माती आणि माझा डावा बूट

मी ज्यांच्यामुळे माणसात आलो ते वाघमोडे सर माती गोळा करतात.

सर आमच्या करमाळ्याच्या शाळेत इतिहास शिकवतात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला एसटीत चिकटवायचं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पक्कं केलं होतं (ते स्वतः कंडक्टर होते, त्यामुळे वशिला घरातलाच). सर घरी आले, अण्णांशी भांडले आणि माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरून गेले. आज मी ऑकलंडच्या एका आयटी कंपनीत खुर्ची उबवतो आणि तिथल्याच बॉटनी डाउन्स या उपनगरात दर शनिवारी गवत कापतो, ते त्या फॉर्ममुळे.

या सगळ्याच्या बदल्यात सरांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. चिमूटभर माती!

सरांच्या वर्गात एक कपाट आहे. त्यात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, आणि बरण्यांत रायगडची, पानिपतची, हंपीची माती. विद्यार्थी बाहेर कुठे गेला की त्यानं चिमूटभर आणायची, असा दंडक. आम्ही सुट्टीत मेक्सिकोला निघालोय हे कळल्यावर सरांचा फोन आला.

"ज्याच्या डोक्यावर चर्च बसलंय, तो पिरॅमिड बघणार का रे?"

"हो सर. एका दिवसाची गायडेड टूर आहे."

"मग तिथली आण. शाळेत इतिहास दालन करतोय. मेक्सिकोची बरणी पहिल्या ओळीत ठेवलीय. लेबल चिकटवून झालंय!"

लेबल चिकटवून झालंय म्हटल्यावर विषय संपला. आमच्याकडे एकदा पत्रिका छापली की लग्न मोडत नाही.

तर मी, माझी बायको सुवर्णा आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेले अण्णा, असे तिघं मेक्सिकोत चोलुला नावाच्या गावी टूरच्या बसमधून उतरलो. अण्णा आधीच नाराज होते. बसचा दरवाजा ड्रायव्हर बटण दाबून लावत होता आणि घंटी नव्हती. घंटीशिवाय निघालेली बस त्यांना बेकायदेशीर वाटते.

आमची गाइड रोसा पिवळी छत्री उंच धरून म्हणाली, "हा पाहा जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड!"

समोर गवतानं भरलेली एक टेकडी होती. वर चर्च.

"ही टेकडी हाय," अण्णा म्हणाले. "पिरॅमिड कुठाय?"

"आत आहे, अण्णा. वरून माती आणि गवत साठलंय."

"आन् वर चर्च कुणी बांधलं?"

"स्पॅनिश लोकांनी. जिंकल्यावर."

"म्हंजी दुसऱ्याच्या देवावर आपला देव चढवला. आन् खालच्याला विचारलं न्हाई."

"अण्णा, सोळाव्या शतकात कोण कुणाला विचारणार?"

"आपल्याकडं अजून तरी कुठं इचारत्यात!"

तेवढ्यात रोसानं सगळ्यांना बजावलं, "इथला एक खडासुद्धा उचलायचा नाही. कायदा आहे."

एकीकडे मेक्सिकोचा कायदा, दुसरीकडे सरांचं लेबल! पण मी पदवीधर आहे. पदवी माणसाला प्रामाणिक करते की नाही ठाऊक नाही, पण पळवाट शोधायला नक्की शिकवते. मी स्वतःला समजावलं की माती उचलणं वेगळं आणि माती लागणं वेगळं. रात्री पाऊस होऊन गेला होता. सगळे फरसबंद वाटेनं चालले असताना मी वाटेच्या कडेच्या चिखलातून, शेतात नांगर ओढणाऱ्या बैलाच्या निष्ठेनं, टेकडी चढलो.

"तुला वाट दिसत नाही का?" सुवर्णा म्हणाली.

"मी सरांचं काम करतोय."

"पाय आपटत?"

"घट्ट बसायला पाहिजे ना!"

वर पोहोचेपर्यंत माझे दोन्ही बूट चिलखत घातल्यासारखे झाले होते. लांबवर धुरकट ज्वालामुखी दिसत होता म्हणे. मी बूटच बघत होतो. दिवसभरात इतकं समाधान मला नंतर मिळालं नाही.

पुढचा थांबा शेजारच्या खेड्यातलं बरोक शैलीचं चर्च. रोसा म्हणाली की आत भिंतीला हाताएवढीही मोकळी जागा नाही, सगळीकडे सोनं, फळं आणि देवदूतांचे चेहरे. आम्ही दाराशी गेलो आणि अण्णांनी चप्पल काढली.

"सर, इथे काढायची गरज नाही," रोसा अदबीनं म्हणाली.

अण्णांना इंग्रजी समजत नाही, आणि समजलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. "देव कुणाचाबी असू दे, पायताण भाईर!" असं म्हणून त्यांनी, तिनं फोटोसाठी बाजूला टेकवलेली पिवळी छत्री उचलली आणि दारात आडवी धरली.

बसमधल्या एका जर्मन आजोबांना वाटलं, नियमच असावा. त्यांनी वाकून बूट सोडले. मग त्यांच्या पत्नीनं. मग मागच्या कॅनडाच्या मंडळींनी. छत्री ज्याच्या हातात तो गाइड, एवढंच त्या लोकांना सकाळपासून कळलेलं होतं! बघता बघता अख्खी बस मोज्यांवर आली. त्या चर्चला नेहमी येणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायका दाराशी थबकल्या, ढिगाकडे बघितलं आणि त्यांनीही गुपचूप चपला काढल्या. स्वतःच्या गावात!

"अण्णा, चला ना आत," सुवर्णा म्हणाली.

"तुमी जावा. देवळाभाईरनं चपला जात्यात. म्या राखतो."

रोसानं आतल्या छताविषयी सांगायला सुरुवात केली, पण तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. माझं मात्र छताकडे. भट्टीतून काढलेल्या पावांसारखे गुबगुबीत देवदूत, द्राक्षांचे घोस, डाळिंबं. नक्षी करणारे कारागीर इथलेच, देव तेवढा बाहेरून आणलेला. कामाची ही पद्धत आयटीत मी रोज बघतो, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

बाहेर आलो तर काय! अंगणातल्या नळाखाली अण्णा बसले होते. त्यांच्या हातात माझा उजवा बूट. बूट लख्ख!

"अण्णाऽऽ! हे काय केलंत?"

"एवढा सायब झालास आन् बुटाला ही घाण? सोन्याच्या देवळाम्होरं? लोकं काय म्हनतील!"

"ती घाण नाही, अण्णा, तो इतिहास आहे!"

"धुतला. दुसरा आण हिकडं."

मी झडप घालून डावा बूट छातीशी धरला. जर्मन आजोबांनी या दृश्याचा फोटो काढला. आमच्या संस्कृतीत बुटाला मिठी मारतात, असं आता जर्मनीत कुठेतरी सांगितलं जात असेल.

त्यानंतर तो बूट मी पायात घातला नाही. उजव्या पायात धुतलेला ओला बूट आणि डाव्या पायात सुवर्णाच्या पिशवीतली जँडल, म्हणजे रबरी चप्पल (न्यूझीलंडमध्ये राहून आम्हाला एवढी एक सवय लागलीय) अशा अवस्थेत मी उरलेली टूर केली. उरलेली टूर म्हणजे एक दुकान. पिरॅमिडला जेमतेम तास, चर्चला पंधरा मिनिटं आणि दुकानात मात्र बस जणू पंक्चर झाल्यासारखी थांबली! परत निघताना अण्णांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि ड्रायव्हरनं खरोखरच गाडी सोडली. रोसा धावत येऊन चढली.

डावा बूट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर, असा तो लॉस एंजेलिसमार्गे ऑकलंडला आला. विमान उतरताना सुवर्णानं हळूच विचारलं,

"तू हे डिक्लेअर करणार आहेस?"

"अर्थात! वाघमोडे सरांचा विद्यार्थी आहे मी."

"ते मेक्सिकोत आठवलं नाही का?"

काही प्रश्नांना खिडकीबाहेर बघणं हेच उत्तर असतं.

एअरपोर्टवर बाहेरची माती-बियाणं अडवणाऱ्या बायोसिक्युरिटी खात्याचा धिप्पाड ऑफिसर माओरी नमस्कार घालत हसून म्हणाला, "किया ओरा! काय आहे पिशवीत?"

मी बूट काढून ठेवला. त्यानं तो बघितला. मग माझ्या पायातल्या चकचकीत उजव्या बुटाकडे बघितलं.

"एकाच पायाला एवढा चिखल कसा लागला, मेट?"

मी करमाळ्यापासून सुरुवात केली. सर, फॉर्म, बरण्या, लेबल, चर्च, नळ. मागे रांग वाढत होती. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे एक वडिलांनी धुतला?"

"हो."

"मग दुसरा आम्ही धुतो."

"थोडीशी ठेवता नाही का येणार? चिमूटभर? सरांनी लेबल चिकटवलंय हो!"

"सॉरी, मेट."

तो आत गेला. ब्रशचा आवाज येत राहिला आणि मी अंत्यविधीला आल्यासारखा मान खाली घालून उभा. अण्णा मात्र काचेला नाक लावून कौतुकानं बघत होते.

"बघ! म्या करत हुतो त्येच ह्यो करतोय. ह्येला सरकार पगार देतं आन् माझ्यावर तू वराडलास!"

ऑफिसरनं बूट आणून माझ्या हातात ठेवला. विकत घेतला तेव्हाही तो इतका नवा नव्हता. "स्वीट ॲज!" तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. घरी पोहोचल्यावर मी सरांना पत्र लिहिलं.

"गुरुवर्य वाघमोडे सरांना साष्टांग नमस्कार.

सर, मेक्सिकोची बरणी पहिल्या ओळीतून काढावी, ही विनंती. मातीऐवजी सुवर्णानं बसजवळ काढलेला फोटो पाठवतो आहे. त्यात पिवळी छत्री घेऊन उभे असलेले गाइड म्हणजे आमचे अण्णा. मागे बूट कवटाळून उभा आहे तो आपला विद्यार्थी.

इतक्या लांब जाऊन काय शिकलास, असं आपण विचाराल. आपण वर्गात सांगायचात की राजे येतात आणि जातात, एकाच्या देवळावर दुसरा आपलं देऊळ बांधतो, पण खालची माती कुणालाही पुसता येत नाही. सर, आपलं हे वाक्य मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. ते परत घ्यावेत. ऑकलंडच्या एअरपोर्टवर ती पाच मिनिटांत पुसून देतात, आणि वर 'हॅव अ गुड डे' म्हणतात.

आपला आज्ञाधारक (आणि स्वच्छ),
सुनील"