मशीनभोवतीचं ओलं लुगडं

हवा मोजायचं काम करते म्हटलं की लोक हसतात. हवा काय तराजूत घालता का, असं रत्नागिरीच्या बाजारात एका मासेवालीने मला तोंडावर विचारलं होतं. खरं तर काम साधं आहे. पेटीसारखं मशीन दिवसभर हवा ओढतं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ अडकते. सकाळी कागद लावायचा, दुसऱ्या सकाळी काढून प्रयोगशाळेत त्याचं वजन करायचं.

या हिवाळ्यात हातखंब्याहून आत गेलेल्या एका वाडीत मशीन बसवलं. वाडीच्या अगदी डोक्यावर खडीची क्रशर. आंब्याचा मोहर धुळीने माखतो, म्हाताऱ्यांना श्वास पुरत नाही, अशी वाडीने तक्रार केली होती. मोजणीत धूळ मर्यादेबाहेर निघाली, तर क्रशरवाल्याला पत्रे ठोकून पाण्याचे फवारे लावणं भाग पडणार होतं. ज्या काकींच्या अंगणात मशीन ठेवलं, त्यांचे यजमान पडवीत खाटेवर उशांना टेकून बसलेले असत. आडवं झालं की त्यांना धाप लागे.

पहिल्या दिवशी निघताना मी काकींना म्हटलं, "मशीन महागाचं आहे हो, जपा." हे वाक्य मी जाईन तिथे फेकते. त्यात काळजी कमी, साहेबांची धास्तीच जास्त.

काकींनी मात्र ते मनावर घेतलं.

रोज सकाळी कागद जवळजवळ पांढराच निघे. चहा पिऊन होईतो माझ्या स्कूटरच्या सीटवर बोटाने रेघ ओढता यायची, आणि कागद बघावा तर स्वच्छ. खटकलं होतं मला, नाही असं नाही. पण मशीन व्यवस्थित घरघरत होतं, काकी घावणे पुढे करत होत्या, आणि मला पुढच्या ठिकाणी जायची घाई. एकदा साधं विचारलंही नाही. अहवाल गेला. धूळ मर्यादेत.

मशीन परत न्यायला गेले तेव्हा काकी मागच्या दारी लुगडं पिळत होत्या. मला बघून खुलल्या.

"ये गो बाय. तुझ्या मशीनला जरा म्हणून धूळ लागू दिली नाय हो मी. ह्यांच्या खाटेला बांधते ना, तसाच ओला लुगडा रोज मशीनच्या भोवती बांधायची. तू यायच्या आधी सोडून धुवायची, म्हटलं तुला अडचण नको."

बादलीतलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं दिसत होतं. मी ज्यासाठी आले होते ते सगळं त्या बादलीच्या तळाशी बसलं होतं.

सांगणं भाग होतं. धूळ कागदावर यायला हवी होती, असं मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. काकी पायरीवर बसल्या. हातातलं लुगडं चाचपत राहिल्या.

"म्हणजे माझ्यामुळे झाला हा सगळा?"

"नाही काकी, चूक माझी. मीच जपा म्हटलं. कागद पांढरा दिसूनही गप्प बसले ती मीच." पुन्हा मोजायला लावते, आजच साहेबांशी बोलते, असंही मी भडाभडा बोलून गेले. साहेबांशी बोललेही. अजून उत्तर नाही, आणि मोहर काही उत्तराची वाट बघत थांबत नाही.

पण त्या वेळी माझं बोलणं काकींच्या कानात शिरलंच नसावं. वर क्रशर सुरू झाली आणि पडवीतून काकांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. काकी सवयीने उठल्या, लुगडं बादलीत बुडवून पिळलं आणि खाटेकडे निघाल्या. उंबऱ्यात थबकल्या आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"ह्यांना तरी बांधू ना गो बाय?"