शेवाळाच्या टाक्यात मामाजींचे मासे

पाणी साचलेलं दिसलं की आमच्या मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, हात शिवशिवत. अख्खा जन्म तलावावर मासे धरण्यात गेलेला. मासा नसलेलं पाणी त्यांना बघवतच नसे.

त्यात मूल शहराजवळच्या आमच्या गावात आम्हा बचत गटाच्या बायांनी शेवाळाची दोन टाकी बांधली. स्पिरुलिना म्हणतात त्याला. सोड्याच्या पाण्यात वाढवायचं, कापडानं गाळायचं, शेवयांच्या साच्यातून काढून वाळवायचं नि भुकटी करून विकायची. हे जमलं की दरवर्षी लेकीला घरी टाकून तेलंगणात मिरची तोडायला जाणं सुटणार होतं. त्या हिरव्या पाण्यावर मी जीव लावून बसले होते.

एका सकाळी बघते तर एका टाक्यात रोहूची बोटभर पिल्लं, सगळी उताणी!

"मामाजी, हे काय केलं जी तुमी?"

"अवो, एवढं हिरवं पानी! मासा कसा फुगला असता! पन मेले काऊन? जहर हाय तुह्या पान्यात!"

घरात म्हणाले असते तर खपलं असतं. हे थेट चौकात जाऊन बोलले. मासा मरतो ते पाणी वाईट, यावर आमच्या गावात कोण वाद घालणार? सोड्यानं मेले, सोड्यानं मेले, म्हणून मी घसा फोडला. बायांनी हात झटकले.

मग माझं टाळकंच सटकलं. मागच्या खेपेच्या वाळवलेल्या शेवया आणल्या आणि सगळ्यांसमोर मूठभर चावून खाल्ल्या. वास गाळाचा, दात हिरवेगार. बाया खो-खो हसल्या, पण टाक्यावर यायला एकही तयार होईना.

तेवढ्यात मामाजी उठले. माझ्या हातातल्या उरलेल्या शेवया हिसकून तोंडात कोंबल्या, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि पारावर पाय पसरून आडवे झाले. मरायला! डोळे मिटून निरवानिरव सुरू.

"माहं जाळं लहान्या पोराले द्या. मी मेलो तं सुनेले बोल लावू नोका. अन् जगलो, तं साऱ्या जनी टाक्यावर जाजा. हिले मिरचीले धाडू नोका आता. पोरगी माय-माय करून रडते, मले आयकवत नाई."

म्हणजे त्यांना ते खरंच जहर वाटत होतं, आणि तरी त्यांनी ते गिळलं होतं.

दिवेलागणीला मामाजी उठून बसले, पोट चाचपलं नि खेकसले, "काऊन रडून राह्यली? भूक लागली मले, भात वाढ!"